मुठीचं माप

"मूठ म्हणजे किती?" अक्कांनी विचारलं.

"मूठ म्हणजे मूठ," मी म्हणाले. "आई मोजायची तशी."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. लेकीची, वैजूची, शाळेतली जुनी वही मांडीवर घेऊन, मागच्या पानावर पेन्सिलनं लिहीत बाहेरच्या सोप्यात बसल्या होत्या. मी लग्न होऊन गडहिंग्लजला आले त्याला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत त्यांनी मला काही विचारायची ही पहिलीच वेळ. एरवी त्या सांगायच्या आणि मी मान हलवायची, असा घराचा शिरस्ता होता.

"मिरची दहा किलो," मी सांगायला लागले. "सहा ब्याडगी, चार संकेश्वरी. धने, खोबरं, तीळ, कांदा, लसूण सगळं तराजूवर. गरम मसाला तेवढा मुठीवर. लवंग तीन मुठी. मिरे चार, दालचिनी तीन, दगडफूल पाच. शहाजिरे दोन..."

"हळू सांग की. लिहितेय न्हवं मी!"

"मसाला वेलची दोन. नागकेशर एक, जायपत्री एक. सगळं वेगवेगळं भाजायचं. नागकेशर शेवटी, नुसतं तव्याला दाखवल्यासारखं करायचं. जळलं की संपलं."

अक्कांनी लिहून घेतलं आणि पेन्सिल कानावर खोचून माझ्याकडं रोखून बघितलं.

"ह्यात काय लपवलं न्हाईस न्हवं? बायका सगळं सांगत्यात आणि एक जिन्नस पोटात ठेवत्यात. मला ठावं हाय."

"न्हाई."

"घे आईची शपथ."

माझ्या आईचं नाव त्यांच्या तोंडात आलं. पण मी आवाज चढवला नाही.

"आईची शपथ. एक जिन्नस कमी न्हाई, एक मूठ जास्त न्हाई. आई मोजायची तेवढंच सांगितलंय."

"बरं. आणि त्या दिवशी तू सोप्यात येऊ नकोस. आत स्वयंपाकाचं बघ. विहीणबाईंच्या म्होरं मला मधीमधी कुणी नको."

मी मान हलवली.

आमच्या भागात चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा, डंकावर, म्हणजे मुसळांच्या गिरणीत, कांडून आणायचा, परातीत तळलेला कांदा-लसूण घालून हातानं कालवायचं आणि वर्षभर प्रत्येक कालवणात घालायचं, ते लाल तिखट म्हणजे चटणी. ती बिघडली तर घर वर्षभर बेचव जेवतं, आणि चांगली झाली तर पाव्हणे नाव काढतात. आमच्या घरचं नाव निघायचं. ते नाव अक्कांचं होतं.

त्याआधीच्या मार्गशीर्षात वैजूचं लग्न झालं होतं. वैजू अक्कांची एकुलती एक लेक. सासर इस्लामपूरचं, मोठ्या कुटुंबाचं. पंचवीस माणसं रोज पंगतीला. लग्नात मटणाचा तांबडा रस्सा वाटीला तोंड लावून पिताना वैजूच्या सासूबाई, सगुणाबाई, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "ह्या चटणीला कुणाचा हात हो?"

अक्कांनी श्वास घ्यायलाही वेळ लावला नाही. "माझाच की!"

"मग औंदा आमची वर्षाची चटणी तुमी करायची. मी सोता येऊन बसणार, बघणार, शिकणार."

मी मागं उभी राहून भात वाढत होते. पळी हातातच राहिली. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आपल्या पायानं पंगतीत चालत येईल, असं मला वाटलं नव्हतं.

आता आईचं सांगते.

माझी आई हौसाबाई गारगोटीला डंकावर कामाला होती. मी सात वर्षांची असताना तिचा उजवा हात मुसळाखाली सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. दोन महिने हात बांधलेला होता, तेव्हा डाव्या हातानं आणि दातांनी गाठी सोडायची सवय तिला लागली, ती पुढंही गेली नाही. हात बरा झाला तशी ती परत डंकावर उभी राहिली. मसाल्याची जाण तिला अशी होती की गारगोटीतली मोठमोठी घरं चटणी कालवायला तिलाच बोलवायची. "हौसाबाई, जरा हात लावून जावा," म्हणायची. त्या तीन बोटांना लोक मान द्यायचे. मला लहानपणी वाटायचं, चांगली चटणी करणाऱ्या बायकांना तीनच बोटं असतात.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी हौसेनं आईला बोलावलं. गरम मसाला मोजून, भाजून, गाठोड्यात बांधून ती पहाटेच्या एस्टीनं आली. कांडप झालं. सोप्यात परात मांडली, गल्लीतल्या सात-आठ बायका बघायला जमल्या. आईनं पदर खोचला आणि हात चटणीत घातला.

तेवढ्यात अक्का आतून आल्या. त्यांच्यामागं नऊ वर्षांची वैजू.

"अहो, हात काढा, हात काढा!" अक्का ओरडल्या. "थोट्या हातानं आमचं वर्षाचं अन्न कालवताय व्हय? थोटीचा हात अवलक्षणी. घरात धडधाकट बायका काय मेल्यात?"

आईनं हात काढला. मनगटापर्यंत लाल झाला होता. कुठं पुसावा ते तिला कळेना. सासूबाई माझ्याकडं बघेनात, बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"रत्ना," अक्का मला म्हणाल्या, "वरची चटणी काढून टाक. परात इसळून घे."

मी टाकली. परात विसळली. वीस वर्षांची होते, नवी होते, हे सगळं खरं. पण माझ्या हातांनी मी आईच्या हाताचा विटाळ धुतला, हे त्याहून खरं आहे. अक्कांचा राग आला त्याच्या दुप्पट मला स्वतःचा आला. आणि तो कुठंतरी काढायलाच हवा होता.

आई सोप्याच्या पायरीवर बसून राहिली. कुणी जेवा म्हणालं नाही. दुपारच्या एस्टीला मी तिला सोडायला गेले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रूपाला, गरिबीला लोक लई कायबाय बोलले गं. पण ह्या हाताला अजून कुणी नावं ठेवली न्हवती."

ती पुन्हा आमच्या उंबऱ्याला आली नाही. तिसऱ्या वर्षी गेली. तिचं एक हिरवं लुगडं तेवढं मी घेऊन आले.

पुढं दरवर्षी मसाला मी मोजायची, माजघरात, दार लोटून. गाठोडं बांधून बाहेर द्यायची. सोप्यात परातीपुढं अक्का बसायच्या, कालवायच्या, आणि आल्या-गेल्याचं कौतुक घ्यायच्या. सासूबाई गेल्या, मग तर सगळं त्यांचंच झालं. ज्या हाताला त्यांनी परातीतून काढलं, त्याच हाताची चव त्या अकरा वर्षं बोटं चाटत खात होत्या. मी बोलले नाही. मसाला भाजताना आच वाढवून चालत नाही आणि हलवणं थांबवूनही चालत नाही. तसंच माझं चाललं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी सगुणाबाई वैजूला घेऊन आल्या. बाई आडव्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, बोलायला आडपडदा नाही. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून अक्कांचं मोजणं ऐकू येत होतं. "एक... दोन... तीन. झाली लवंग. आता मिरे." अक्कांचा पंजा चांगला दणकट होता. भरलेली पाण्याची घागर त्या एका हातानं उचलायच्या.

वैजू आत आली. माझ्या गळ्यात हात टाकला.

"काकी, तू हितं का बसलीयास? चल की भायेर."

"तुझ्या आईनं हितं बसवलंय."

"मोजायला तूच असतीस न्हवं दरवर्षी?"

"औंदा आईला हौस आलीया."

दुपारी डंकावरून डबे आले. सोप्यात झाकण निघालं आणि वास माजघर ओलांडून चुलीपर्यंत आला. आमच्या चटणीला आधी मिरची यायची, गोडसर, मग खोबरं, आणि सगळ्यात शेवटी, आठवण झाल्यासारखी लवंग. त्या दिवशी लवंग पुढं होती. तिच्यामागं मिरे, दालचिनी. मिरची कुठल्या कुठं दबली होती. बाहेर मात्र बायका "काय घमघमाट सुटलाय!" म्हणत होत्या. कोरड्या मसाल्याचा वास असाच फसवतो; शिजल्याशिवाय त्याचं खरं रूप कळत नाही.

वैजूनं नाक वर केलं. पोर माझ्या हातचं खाऊन मोठी झाली होती.

"काकी, वास जरा निराळा येतोय न्हवं?"

कोपऱ्यात मिरचीचं पोतं उभं होतं. "अजून सात-आठ किलो मिरची कांडून घाला," एवढं मी म्हणाले असते तर सगळं निस्तरलं असतं. चटणी जाणार होती ती ह्याच पोरीच्या सासरी. बोलणी खाणार होती ती हीच. भाकरी तव्यावर फुगली होती, ती मी उलटली.

"नवी हाय म्हणून तसा येतोय," मी म्हणाले. "मुरू दे."

त्या सगळ्या प्रकरणात एवढं एकच खोटं मी बोलले.

सोळाव्या दिवशी सगुणाबाई परत आल्या. बरोबर वैजू, तिचे डोळे सुजलेले. जीपमधून दोन पितळी डबे उतरवले ते जवळजवळ भरलेलेच. लेकीच्या सासरहून भरला डबा परत येणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला समजावून सांगायला लागत नाही. शेजारच्या दारांत बायका उभ्या राहिल्या. सगुणाबाईंनी डबे सोप्याच्या पायरीवर ठेवले. माझी आई बसली होती त्याच पायरीवर.

"विहीणबाई, ही चटणी न्हवं, काढा हाय," त्या म्हणाल्या. "रस्सा केला, जिभा बधिर झाल्या. आमटी केली, म्हाताऱ्यानं ताट सारलं. पोरं विचारत्यात, घरात कोण आजारी हाय? आणि सगळे बोलत्यात हिला. तुझ्या आईनं लग्नात एक चारली आणि घरात दुसरी घातली म्हणून."

वैजू खाली मान घालून रडत होती. असं होईल हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. ठाऊक होतं, आणि तरीही मी भाकरी उलटली होती.

"लग्नातली तुमच्या हातची न्हवती," सगुणाबाई म्हणाल्या. "खरं सांगा."

"माझीच... पण माप हिनं चुकीचं सांगितलं!" अक्का एकदम माझ्यावर बोट रोखून ओरडल्या. "ह्या रत्नानं! आईची शपथ घेऊन घात केला. ही बगा वही!"

"म्हंजे माप हिचं?" सगुणाबाईंनी डोळे बारीक केले. "आणि लग्नात म्हणालात, हात माझा."

अक्कांच्या हातातली वही त्यांनी घेतली आणि माझ्याकडं दिली.

"तू बोल गं. काय चुकलंय?"

"काही चुकलं न्हाई," मी म्हणाले. "माप माझं बी न्हवं. माझ्या आईचं, हौसाबाईचं. मिरची तराजूवर, गरम मसाला मुठीवर. एक अक्षर खोटं न्हाई. फक्त आईच्या उजव्या हाताला तीन बोटं होती, विहीणबाई. तिच्या मुठीत मावायचं ते चांगल्या हाताच्या मुठीच्या निम्मं. मी बी दरवर्षी दोन बोटं मुडपूनच मोजते."

सगुणाबाईंनी आपला हात वर करून बघितला. करंगळी आणि शेजारचं बोट मिटलं. मग मोठा श्वास सोडला.

"हे तू मला सांगितलं न्हाईस!" अक्कांचा आवाज फाटला.

"तुम्ही विचारलंत, मूठ म्हणजे किती. मी म्हणाले, आई मोजायची तशी. आईचा हात तुम्ही बघितला होता की, अक्का. सगळ्या गल्लीला तुम्हीच तर दाखवला होता."

"काय दाखवला होता?" सगुणाबाईंनी विचारलं.

"अक्का सांगतील."

दारांतल्या बायकांमधल्या दोघीतिघी त्या दिवशी इथंच होत्या; त्या हळूच आत सरकल्या. बोलली ती वैजू.

"आई थोटी म्हणाली होती. काकीच्या आईला. परातीतून हात काढायला लावला आणि काकीला परात इसळायला लावली. मी हितंच होते."

अकरा वर्षं मी समजत होते की ते माझ्या एकटीच्या ध्यानात आहे.

सगुणाबाई सोप्यात मांडी घालून बसल्या.

"मला चटणी पायजे. आज, हितं, माझ्या म्होरं. ती घेतल्याबिगर मी वैजूला घेऊन जायची न्हाई. घरात तसं सांगून आलीया."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि अकरा वर्षांत मी ती पहिल्यांदाच बघत होते. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"मी करते," मी म्हणाले. "मसाला मी भाजते, मिरची मी बघते. पण मोजतील अक्का."

आत गेले, पेटीतून आईचं हिरवं लुगडं काढलं आणि काठाची बोटभर रुंद चिंधी फाडली. बाहेर येऊन अक्कांचा उजवा हात हातात घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडं दुमडलं आणि चिंधीनं करकचून बांधलं. त्यांनी हात ओढून घ्यायला बघितला.

"आई," वैजू म्हणाली, "राहू दे तसा."

हात ओढायचा थांबला.

"लवंग," मी म्हणाले. "एक."

अक्कांनी तीन बोटांनी मूठ भरली. बांधलेल्या बोटांशेजारून लवंगा घरंगळून सुपात पडल्या. परत भरली, परत सांडल्या. थोरल्या जाऊबाई घामाघूम झाल्या. आईच्या हातून कधी एक दाणा सांडला नव्हता. तिला तो हात कसा धरायचा ते वर्षानुवर्षं शिकावं लागलं होतं. मी घाई केली नाही. दोन म्हणाले, तीन म्हणाले, मिरे म्हणाले, दगडफूल म्हणाले. जायपत्रीपर्यंत सगळं म्हणाले.

डंकावरून चटणी येईपर्यंत दिवस कलला. चिंधी तशीच होती. झाकण काढलं आणि आधी मिरची आली, गोडसर, मग खोबरं. वैजूनं डोळे मिटले. "हीच," ती म्हणाली.

परात मांडली. कांदा-लसूण घातला. अक्कांनी मोकळा डावा हात पुढं केला.

"उजवा," मी म्हणाले. "कालवा, अक्का. थोट्या हाताची चटणीच ह्या घराला मानवते."

त्यांनी उजवा हात घातला. मनगटापर्यंत लाल झाला. सगुणाबाई बघत होत्या, वैजू बघत होती, परतून दारांत आलेल्या बायका बघत होत्या. अक्कांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळलं. ते तिखटाचं असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही.

डबे भरून जीप गेली. वैजूनं जाताना मला मिठी मारली नाही. नुसती पाया पडली. तेही मी समजून घेतलं. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी मोजकंच बोलली.

बायका घरोघरी पांगल्या. अक्का पायरीवर बसल्या होत्या. हाताची आग होत असणार, चिंधी चटणीनं भिजून घट्ट झाली होती. डाव्या हातानं गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी हात तोंडाशी नेला आणि दातांनी ती ओढायला लागल्या. ओठांना तिखट लागलं, तशा कळवळल्या, आणि पुन्हा ओढायला लागल्या. हुबेहूब माझ्या आईसारख्या दिसल्या त्या.

"रत्ना," त्या म्हणाल्या. "सोड की गं एवढी."

मी उठले. परात उचलली आणि विसळायला घेतली.